माप खरं, तरी फळी तोकडी : आयसोमेट्रिक चित्राविषयी थोडंसं

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाचा माणूस चित्रं काढायला कधीपासून लागला? सांगतो.

गेल्या वर्षी माझ्या पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिला घरी आणण्याआधी दारातल्या पायरीवर लाकडी उतार करून घ्यायचा होता. पायरी १५ सेंटीमीटर उंच. चाकाच्या खुर्चीसाठी साधारण नियम असा, की उंचीच्या बारा पट लांबी हवी. म्हणजे १८० सेंटीमीटर. मी इंकस्केपमध्ये त्याचं छान आयसोमेट्रिक चित्र काढलं, एकास दहा या प्रमाणात छापलं आणि सुतारांच्या हातात दिलं. म्हटलं, "यावरूनच मोजा, माप अगदी खरं आहे."

दोन दिवसांनी ते म्हणाले, "सर, चौकट बरोबर बसली, पण वरची फळी तोकडी पडतेय." फळी १७३ सेंटीमीटरची कापली होती. हवी होती १८० च्या किंचित वर. साडेसात सेंटीमीटर कमी! त्यांनी कागदावर पट्टी ठेवून १७.३ मोजलं, त्यात त्यांची काही चूक नव्हती. चूक माझी होती. ती समजून घेणं, हेच आजचं व्याख्यान.

आधी हे चित्र म्हणजे काय ते पाहू. ग्रीकमध्ये 'आयसोस' म्हणजे समान, 'मेट्रॉन' म्हणजे माप. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश व्याख्यानांत यंत्रांच्या प्रतिकृती दाखवत. त्या सुट्या भागांतून पुन्हा पुन्हा जोडाव्या लागत. मदतनिसांना कळेल असं चित्र हवं, या गरजेतून त्यांनी १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात ही पद्धत मांडली. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशा कागदावर एकमेकींशी १२० अंशांचा कोन करतात. उंची उभी राहते. बाकीच्या दोन दिशा आडव्या रेषेपासून ३० अंश वर जातात, एक उजवीकडे, एक डावीकडे. आणि तिन्हींवर एकच पट्टी चालते.

रेल्वेचे रूळ दूरवर मिळाल्यासारखे दिसतात ना? इथे ते मिळत नाहीत. दूरची खुर्ची जवळच्या खुर्चीएवढीच. म्हणजे हे कुठल्याही डोळ्याला दिसणारं दृश्य नाहीच. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दहाव्या पुस्तकात चित्रकारावर हाच आक्षेप घेतला होता : पलंग बाजूने वेगळा दिसतो, समोरून वेगळा, पण पलंग बदलत नाही, चित्रकार मात्र दिसणंच रंगवतो. दिसण्याच्या फसवणुकीवर त्याने उपाय सांगितला तो मोजण्याचा, गणण्याचा, तोलण्याचा. मला वाटतं, आयसोमेट्रिक चित्र प्लेटोला थोडं तरी आवडलं असतं.

आता हात चालवू. इंकस्केप फुकट मिळतं, म्हणून त्याचंच उदाहरण घेतो. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये ॲक्झोनोमेट्रिक ग्रिड असते. ती चालू करा, दोन्ही कोन ३० ठेवा, स्नॅपिंग चालू ठेवा. साधी खोकी, भिंती, पायऱ्या एवढ्यावरच निघतात.

पण खिडकीची जाळी, पाटीवरची अक्षरं असं काही असेल तर दुसरी वाट धरा. ती बाजू आधी सपाट काढा, समोरून पाहिल्यासारखी. मग तीन पावलं. एक, उंची ८६.६०३ टक्के करा, रुंदी तशीच. दोन, स्क्यू करून ३० अंश आडवी कलती करा. तीन, ३० अंश फिरवा. उजवी बाजू हवी तर वरची कड उजवीकडे कलवा आणि घड्याळाच्या उलट फिरवा. डावी हवी तर वरची कड डावीकडे कलवा आणि घड्याळाच्या दिशेने फिरवा. माथा हवा तर उजवीकडे कलवा, पण घड्याळाच्या दिशेने फिरवा. अधिक-उणे चिन्हं प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सारखी नसतात, तेव्हा चिन्ह पाठ करू नका, कल डोळ्यांनी तपासा.

हे ८६.६०३ आलं कुठून? उभी कड ३० अंश कलली की ती लांबते. तेवढी लांबू नये म्हणून आधीच कमी करून ठेवायची. ३० अंशांची कोसाइन किंमत ०.८६६०३ आहे, बस्स. म्हणून तिन्ही पावलांनंतर दोन्ही कडा मूळ लांबीच्याच राहतात.

कडा राहतात हं, कर्ण राहत नाहीत! इथेच माझी फळी अडकली. सपाट चित्रातला काटकोन आता ६० किंवा १२० अंशांचा झालेला असतो. कोन बदलला की तिरकी रेषा बदलणारच. एकीकडचा कर्ण लांबतो, दुसरीकडचा आखडतो. वर्तुळाचंही तेच : १० सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ लांबीला सुमारे १२.२ आणि रुंदीला सुमारे ७.१ चं लंबवर्तुळ होतं. चौकटीचा पाया दिशेला समांतर होता म्हणून बरोबर आला, फळी तिरकी होती म्हणून चुकली. कागद तोच, पट्टी तीच.

म्हणून एक सवय लावून घ्या. सपाट चित्राची प्रत वेगळ्या लेयरवर जपून ठेवा आणि तिरकी मापं तिच्यावरूनच घ्या. ती आकड्यांत लिहूनही टाका. मी ती प्रत तशीच वाकवून बसलो होतो.

"माप खरं आहे" हे माझं वाक्य खोटं नव्हतं, अपुरं होतं. तीन दिशांना खरं, असं म्हणायला हवं होतं. आयुष्यभर वर्गात मी विद्यार्थ्यांना विचारत आलो, तुमचं विधान कुठल्या मर्यादेत खरं आहे? सुतारांसमोर स्वतःलाच विचारायचं राहिलं.

फळी दुसरी आणली. पत्नी त्याच उतारावरून घरात आली. तोकडी फळी आता माझ्या पुस्तकांखाली आहे. चला, प्रश्न असतील तर घेऊ या.