सोनाळ्याची यात्रा आणि शेगावचे संस्थान : घाटाखालच्या बुलढाण्याचा मागोवा

सोनाळा हे संग्रामपूर तालुक्यातले गाव बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. पाठीशी अंबाबरव्याचे जंगल, पुढ्यात पूर्णेच्या खोऱ्यातली कपाशीची काळी जमीन. डोंगरातला कोरकू आणि भिलाला समाज व खालच्या सपाटीवरचा शेतकरी यांची गाठ अशाच पायथ्याच्या गावांच्या बाजारात पडत आली. जळगाव तालुका, म्हणजे आजच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूरचा भाग, १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होता. त्या वर्षी वऱ्हाडाची फेररचना झाली आणि खामगाव व जळगाव हे तालुके बुलढाण्याला जोडले गेले. जिल्हा बदलला, पण व्यवहाराची दिशा लगेच बदलली नाही. घाटाखालच्या, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या, लोकांचे सोयरेधायरे आणि बाजारहाट अकोला, अकोट, तेल्हारा याच बाजूला राहिले; बुलढाणा हे घाटावरचे गाव कचेरीच्या कामापुरते.

सोनाळ्याची ओळख संत सोनाजी महाराजांच्या नावाने आहे. त्यांचे मंदिर आणि दिवाळीनंतरच्या दिवसांत भरणारी यात्रा यांमुळे पंचक्रोशीबाहेरही गावाचे नाव पोचले. वऱ्हाडातल्या यात्रेकडे निव्वळ भक्तीचा सोहळा म्हणून पाहिले, तर तिचे निम्मे काम नजरेआड होते. खरिपाचे पीक हाती येते, शेतकऱ्याच्या गाठीला वर्षातून एकदाच पैसा असतो, नेमक्या त्याच सुमाराला यात्रा भरतात. भांडी, घोंगड्या, बैलांचे साज, लोखंडी अवजारे, बांगड्या, खेळणी यांचा बाजार तिथेच लागे. लग्ने जुळत, देणीघेणी मिटत. भजनी मंडळे, कीर्तनकार, भारूड करणारे, पुढे तमाशाचे फड, पाळणेवाले आणि टुरिंग टॉकीज यांचे वर्षाचे गणितही यात्रांच्या तिथींवरच बसलेले असे. रोडगे आणि वांग्याच्या भाजीच्या पंगती उठवायच्या, तर लाकूड, पीठ, भाजी, पाणी आणि शेकडो हात लागतात. ही सगळी जुळवाजुळव गावाने पिढ्यान्‌पिढ्या कोणत्याही खात्याच्या मदतीशिवाय केली. संस्कृतीने अर्थव्यवहार चालतो ही गोष्ट अलीकडच्या नियोजनाच्या पुस्तकांत नव्याने मांडली जाते. यात्रा भरवणाऱ्या गावांना ती सांगावी लागली नव्हती.

यात्रेचा पैसा मात्र यात्रेबरोबरच उठून जातो. दुकानदार बाहेरचे, फड बाहेरचे, मालही बाहेरचा. यात्रा पांगली की गावात उरते ती मोकळी जागा आणि थोडीफार वर्गणी. वर्षभर चालेल असे काही त्या गर्दीतून उभे राहिले नाही, तर यात्रेचे गाव गावच राहते. सोनाळ्याच्या बाबतीत बहुतांशी हेच घडले, आणि त्याचे कारण भक्तीत कमी शोधावे, रस्त्यांत आणि रुळांत जास्त शोधावे.

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ, मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला या वाटेने १८६७ मध्ये नागपूरला पोचली. हा मार्ग पूर्णेच्या दक्षिणेकडून गेला. उत्तरेकडची गावे नदीपलीकडे राहिली. रेल्वेचा हेतू उघड होता : वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात नेणे. खामगावची कापूस बाजारपेठ एवढी मोठी होती की १८७० मध्ये जलंबपासून तिथपर्यंत स्वतंत्र फाटा टाकण्यात आला. कापसाच्या पैशावर खामगावात जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि चांदीचा धंदा बहरला. कापसाचे दिवस ओसरल्यावरही चांदीने गावाला हात दिला. रजतनगरी हे बिरुद आजही त्याला आहे. याच खामगावात राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून टिळक राष्ट्रीय विद्यालय उभे राहिले आणि पंधे गुरुजींनी तिथे चित्रकलेची परंपरा रुजवली. व्यापारी गावाने कलाशिक्षकाला आपला मानावे, हे त्या काळच्या वऱ्हाडात सहज घडणारे नव्हते.

शेगावची गोष्ट वेगळी. रेल्वे आली तेव्हा तेही कापसाचेच गाव होते. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज तिथे प्रकट झाले, असे भक्त मानतात. महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधी घेतली. त्याआधीच, १९०८ मध्ये, गजानन महाराज संस्थानाच्या विश्वस्त मंडळाची स्थापना झाली होती. संताच्या हयातीतच कारभाराची घडी बसणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. शेगावच्या पुढच्या शंभर वर्षांचा पाया तिथे पडला. १९३९ मध्ये दासगणू महाराजांनी ‘श्री गजानन विजय’ हा ओवीबद्ध ग्रंथ लिहिला. २१ अध्यायांची ही पोथी घरोघरी पारायणासाठी वाचली जाऊ लागली आणि वऱ्हाडाचे दैवत पुणे-मुंबईच्या घरांत गेले. एका साहित्यकृतीने गावाचे भाग्य पालटल्याचे याहून ठळक उदाहरण विदर्भात शोधून सापडणे कठीण. पोथी वाचणाऱ्याला शेगाव पाहावेसे वाटे, आणि स्टेशन तर गावातच होते.

१९६८ पासून शेगावची पालखी पंढरपूरला पायी जाऊ लागली. सातशेहून अधिक किलोमीटरच्या या वाटेवर शिस्तीने चालणारे टाळकरी आणि पताकाधारी दिसले की संस्थानाच्या कारभाराची वेगळी जाहिरात लागत नाही. संस्थानाचा कारभार पाहणाऱ्या शिवशंकरभाऊ पाटील यांच्या दीर्घ कारकिर्दीत या शिस्तीला व्यवस्थापनाचे रूप आले. सेवेकऱ्यांची पाळीपाळीने विनावेतन सेवा, कमी दरातली भक्तनिवासे, झळझळीत स्वच्छता आणि देणगीच्या पैशाचा काटेकोर हिशेब ही तिची ओळख. १९८३ मध्ये संस्थानाने अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. दवाखाने आणि आदिवासी भागातली सेवाकार्ये यांतून देवस्थानाचा पैसा सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पोचला. २००१ पासून उभारलेल्या आनंदसागर प्रकल्पाने पाण्याची ओढ असलेल्या गावात तलाव आणि दाट झाडी आणली, आणि शेगावला येणारा माणूस दर्शनानंतरही दिवसभर थांबू लागला. पुढे हा प्रकल्प काही वर्षे बंद राहिला आणि नंतर अंशतः खुला झाला. मधल्या काळात रिक्षावाले, हॉटेलवाले आणि फेरीवाले यांना जी झळ लागली, तिच्यावरून एका बागेवर किती चुली अवलंबून होत्या ते कळले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये शिवशंकरभाऊंचे निधन झाले.

शेगावच्या कचोरीलाही या मागोव्यात जागा द्यायला हवी. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने ती सुरू केली आणि रेल्वेच्या फलाटाने ती देशभर नेली. निर्वासितांचा हात, वऱ्हाडी गिऱ्हाईक आणि मुंबई-नागपूर गाड्यांचा थांबा असा तिहेरी योग जुळून आलेला हा पदार्थ कोणत्याही विकास आराखड्यात नव्हता.

जिल्ह्यात इतरत्र संस्कृतीच्या बळावर उभी राहिलेली ठिकाणे कमी नाहीत. शुकदास महाराजांच्या हिवरा आश्रमाने मेहकर तालुक्यात शाळा-महाविद्यालये उभारली. जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या सिंदखेड राजात दर १२ जानेवारीला राज्यभरातून माणसे येतात. सोनाळ्याच्या शेजारच्याच जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळची घटमांडणी आहे. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडून धान्यांच्या हालचालींवरून पीकपाण्याचे भाकीत करायचे, ही तिची रीत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने तिच्या भाकितांना आव्हान दिले आहे, आणि शास्त्राच्या कसोटीवर ती टिकत नाहीत हे खरेच. तरी पेरणीच्या तोंडावर दूरदूरचे शेतकरी तिथे जमतात आणि बियाण्यापासून भावापर्यंत बोलतात. या जमण्याचे मोल भाकितापेक्षा अधिक आहे.

संस्कृतीच्या बळावर वाढणाऱ्या शहरांसाठी युनेस्कोने २००४ मध्ये सर्जनशील शहरांचे जाळे सुरू केले. २०१९ मध्ये चित्रपटासाठी मुंबई आणि खाद्यसंस्कृतीसाठी हैदराबाद त्यात गेले. अशा याद्या महानगरांच्या मापाने बेतलेल्या असतात. तालुक्याच्या गावाला त्यांत जागा नाही आणि तिची तशी गरजही नाही. घाटाखालच्या अनुभवातून निघणारी कसोटी अधिक साधी आहे : आलेल्या माणसाचा किती पैसा गावात राहिला आणि त्यातून गावच्या किती मुलांना घराजवळ काम मिळाले. या कसोटीवर शेगाव उतरते, यात्रेपुरते जागे होणारे गाव उतरत नाही.

सोनाळ्याजवळ दुसरे भांडवलही आहे. अंबाबरवा अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले. त्याच्या वनपरिक्षेत्राचे नावच सोनाळा आहे. जंगल पाहायला येणाऱ्यांची वाट या गावावरून जाते. मात्र अभयारण्यासाठी डोंगरातल्या वस्त्या हलवल्या गेल्या, तेव्हा कोरकूंची गाणी, होळीचे नाच आणि जंगलाची जाण हे सगळे उखडले गेले. त्या माणसांना वाटाडे, पाहुण्यांचे यजमान किंवा कारागीर म्हणून सन्मानाचे काम मिळाले, तरच इथल्या पर्यटनाला सांस्कृतिक म्हणता येईल. नुसत्या जिप्सीच्या फेऱ्यांना ते नाव शोभत नाही. खालच्या सपाटीचा प्रश्न याहून जुना आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतला मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. विहिरीचे पाणी खारे, मूत्रपिंडाचे आजार घरोघर ऐकू येणारे. वान धरणाचे पाणी नळाने आणणारी योजना या टापूच्या विकासात कोणत्याही महोत्सवापेक्षा वरच्या नंबरावर मोजावी लागते.

दीडशे वर्षांपूर्वी हुकलेली रेल्वेही आता सोनाळ्याच्या दिशेने वळली आहे. अकोट-खंडवा ही जुनी मीटरगेज वाट मेळघाटच्या गाभ्यातून जात होती. रुंदीकरणाच्या वेळी वाघांच्या अधिवासाचा प्रश्न उभा राहिला, राज्य सरकारने २०२१ मध्ये व्याघ्र प्रकल्पाबाहेरच्या मार्गाचा आग्रह धरला, आणि हिवरखेड, सोनाळा, जामोद असा वळसा पुढे आला. अकोला ते अकोट ब्रॉडगेज गाडी २०२२ मध्ये सुरू झाली. तिथून पुढचे रूळ पडले, तर पूर्णेच्या उत्तरेच्या सोनाजी महाराजांच्या गावाला पहिल्यांदाच स्वतःचे स्टेशन मिळेल.