सणसरचा ठोका, चार मात्रांचा

सणसर या गावाच्या नावात चार मात्रा आहेत. वृत्ताच्या हिशेबानं स, ण, स, र हे चार लघु. बोलताना आपण 'सण्-सर्' असे दोन जड तुकडे पाडतो, तरी बेरीज चारच राहते. रॅपच्या एका ठोक्यात साधारण एवढ्याच मात्रा बसतात. इंदापूर तालुक्यातल्या ज्या पोरांना रॅप लिहायचा आहे, पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, त्यांनी इथून सुरुवात करावी.

रॅपच्या एका ओळीला 'बार' म्हणतात. एका बारात चार ठोके आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग, म्हणजे एकूण सोळा मात्रा. मिनिटाला ९० ठोक्यांचा बीट घेतला तर एक मात्रा सेकंदाचा सहावा भाग भरते, आणि सोळा बारांचं कडवं सुमारे ४३ सेकंदांत संपतं. सगळं सांगायचं ते एवढ्या वेळात. लघु अक्षराला एक मात्रा द्यायची, गुरूला दोन. 'घर' लिहिताना दोन लघु दिसतात आणि बोलताना एकच जड अक्षर ऐकू येतं. दोन्हीकडून मात्रा दोनच. मराठीत शेवटचा अकार गळतो म्हणून हिशेब बिघडेल अशी भीती नवख्यांना वाटते, पण बहुतेक ठिकाणी तो बिघडत नाही.

उदाहरणादाखल एक बार बांधू: 'सणसर माझं, भवानीनगर'. चार, चार आणि आठ. सोळा भरल्या. आता दुसरा: 'भोंगा वाजला, जागलं घर'. चार, पाच, पाच, दोन. हाही सोळा. कागदावर दोन्ही बरोबर आहेत, पण बीटवर म्हणून बघा. बत्तीस मात्रा सलग भरल्यामुळे श्वास घ्यायला जागाच उरत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या बारापर्यंत आवाज बसतो. म्हणून दुसरी ओळ अशी करू: 'भोंगा झाला, जागं घर'. चार, चार, चार, दोन: चौदा मात्रा. 'घर' आता नेमकं चौथ्या ठोक्यावर आदळतं आणि मागे दोन मात्रांची मोकळी जागा राहते. नाकानं झटकन श्वास घ्यायला तेवढी पुरते. शब्द कमी केले आणि ओळ जास्त ठाम झाली. रॅप लिहिणाऱ्याचं बरंचसं काम हे असं खोडण्याचं असतं.

या दोन बारांत मिळून तीस मात्रा झाल्या. हा आकडा शेजारच्या बारामतीला जुना आहे. कवी मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीत बाबूजी नाइकांच्या आश्रयाला पुराणिक होते. त्यांच्या बहुतेक आर्या 'गीति' प्रकारातल्या आहेत: बारा आणि अठरा मात्रा, पुन्हा बारा आणि अठरा. म्हणजे अर्ध्या आर्येत तीस मात्रा, त्याही चार-चार मात्रांच्या गणांत बांधलेल्या. सात गण आणि शेवटी एक गुरू. एका ठोक्याला एक गण ठेवला तर अर्धी आर्या साडेसात ठोक्यांत बसते, आणि दोन बारांतला उरलेला अर्धा ठोका श्वासाला मिळतो. शास्त्रात आणखी एक बारकावा आहे. सहावा गण जगण हवा, म्हणजे लघु-गुरु-लघु, नाहीतर चारही लघु. जगणात जड अक्षर ठोक्यावर पडत नाही, एका मात्रेनं मागाहून येतं. ठोका चुकवून शब्द टाकायची जी लकब रॅपर मंडळी महिनोन्‌महिने घोटतात, ती आर्येत नियम म्हणूनच आहे. मोरोपंतांना शाळेत कंटाळवाणे ठरवून आपण स्वतःचं मोठं नुकसान केलं आहे, असं मला मनापासून वाटतं.

यमकाचंही तसंच. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे 'जातो-खातो', 'केलं-गेलं' अशी यमकं आपोआप सुचतात. दोन बारांत ती चालतात, आठव्या बारापर्यंत ऐकणारा कंटाळतो. उपाय मराठीतच आहे. आपल्याकडे शब्दक्रम बऱ्यापैकी सैल असतो, म्हणून क्रियापद मधे घ्यावं आणि नाम शेवटी आणावं. त्याहून वरची पायरी म्हणजे अक्षरं तीच, अर्थ निराळा. पाटाची 'चारी' आणि दिशा 'चारी'. उसाचा 'फड' आणि तमाशाचा 'फड'. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या मुलाला हे शब्द शोधायला कोशात जावं लागत नाही. मोरोपंतांनी तर ओठ जुळवणारी प, फ, ब, भ, म ही अक्षरं टाळून 'निरोष्ठ रामायण' रचलं. हा सराव आठ बारांपुरता तरी करून बघावा. नेहमीचे शब्द हातातून जातात तेव्हा दुसरे शोधावेच लागतात. शिवाय प, फ, ब, भ यांच्या फुंकरीनं माइक फुटल्यासारखा वाजतो. असे शब्द कुठे दाटले आहेत हेही या सरावात कळतं.

अभंगाचं गणित वेगळं आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं मोजतात, मात्रा नाही, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात जुळतं. गाताना अक्षर हवं तेवढं ओढता येतं. रॅपचा उच्चार बोलण्याच्या जवळ राहतो. पण तुकाराम महाराजांची पालखी आषाढी वारीत सणसरला मुक्कामी असते, तेव्हा एक गोष्ट जरूर ऐकावी: हजारो माणसं एकाच ठिकाणी श्वास कशी घेतात. ध्रुपद म्हणजे काय ते तिथे समजतं. रॅपच्या हुकचं, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीचंही काम तेच. ऐकणाऱ्याला दुसऱ्याच फेरीत सोबत म्हणता आलं पाहिजे.

रॅपची सुरुवात १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली मानतात. तिथल्या तरुणांनी आपल्या गल्लीच्या बोलीत लिहिलं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे '१०० आरबीएच', वऱ्हाडीत रॅप करतो. मुंबईच्या 'स्वदेसी' गटातला एमसी मवाली मराठीत करतो. सणसरच्या पोरानं मग मुंबईची टपोरी भाषा उसनी का घ्यावी? कलगी-तुऱ्याच्या शाहिरांनी समोरच्या फडाला सवाल-जवाबात हरवलं ते आपल्याच बोलीवर.

राहिला पोटाचा प्रश्न. मोरोपंत पुराण सांगून जगले. लोककवी वामनदादा कर्डक गावोगाव गात फिरले. रॅपवर पहिल्या दिवसापासून घर चालेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. शेती, कारखाना, दुकान, जे हातात आहे ते सांभाळून रोज चार बार लिहावेत. गाळप हंगामात रात्रपाळीचा माणूस चारच लिहू शकेल, आणि तेही खूप झाले. ओळ सुचली की फोनवर बोलून ठेवावी, लिहून नव्हे; लय लिहिण्यात हरवते.

आणि हक्क सोडू नये. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कुठल्याही कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही. तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. इंटरनेटवरचा 'फ्री' बीट बहुधा फक्त सरावापुरता फुकट असतो, कमाई सुरू झाली की परवाना लागतो. म्हणून गाणं बाहेर टाकण्याआधी बीट बनवणाऱ्याशी वाटा कागदावर ठरवा, दोघांच्या सह्या घ्या आणि गीतकार म्हणून आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीकडे नाव नोंदवा.