विश्लेषण : रमजानचे रोजे कशासाठी? त्यातून सूट कोणाला?

पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही, ही रमजानच्या रोजाची सर्वपरिचित ओळख. मात्र हा महिना जवळ आला की अनेक मुस्लीम घरांत एक प्रश्न हमखास निघतो : मधुमेह असलेल्या वडिलांनी किंवा गरोदर सुनेने रोजा ठेवावा का? आजारी व्यक्ती स्वतःच हट्ट धरते आणि घरच्यांना नाही म्हणवत नाही. प्रत्यक्षात रोजा बंधनकारक करणाऱ्या वचनांतच या प्रश्नाचे उत्तर आहे.

रोजाचा उद्देश काय?

इस्लामच्या पाच मूलस्तंभांपैकी रोजा एक आहे. हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ. स. ६२४ मध्ये, मदिनेत तो फर्ज, म्हणजे अनिवार्य झाला. कुराणातील 'अल-बकरा' या सुरहमध्ये त्याचा आदेश आहे आणि त्याचे कारणही तेथेच दिले आहे, ते म्हणजे 'तकवा'. ईश्वराची जाणीव ठेवून स्वतःला वाईटापासून आवरणे, असा त्याचा ढोबळ अर्थ. एकांतात घोटभर पाणी प्यायले तर कोणाला कळणार नाही, तरीही माणूस पीत नाही. तो संयम एरवीच्या वागण्यातही उतरावा, ही अपेक्षा आहे. म्हणूनच खोटे बोलणे, चहाडी आणि भांडण यांपासून दूर राहणे हाही रोजाचाच भाग मानला जातो. जो खोटेपणा सोडत नाही त्याच्या उपाशी राहण्याची ईश्वराला गरज नाही, या आशयाची हदीस प्रसिद्ध आहे.

रोजा पाळतात कसा?

पहाट उजाडण्यापूर्वी 'सेहरी' म्हणजे न्याहारी केली जाते. मनात रोजाची 'नियत', म्हणजे संकल्प केला जातो. फजरच्या नमाजची वेळ सुरू झाली की खाणेपिणे, धूम्रपान व शरीरसंबंध वर्ज्य होतात. सूर्यास्ताला खजूर किंवा पाण्याने रोजा सोडतात, तो 'इफ्तार'. शिया परंपरेत आकाशातील लाली ओसरेपर्यंत थोडे थांबतात. वेळा स्थानिक सूर्योदय-सूर्यास्तानुसार ठरतात. त्यामुळे नागपूरचा इफ्तार मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी होतो. सुन्नी मुस्लीम रात्री तरावीहची विशेष नमाज पढतात. बहुतेकांच्या मते, विसरून काही खाल्ले गेल्यास रोजा मोडत नाही. आठवताच थांबायचे आणि रोजा पुढे चालू ठेवायचा.

तारखा दरवर्षी का बदलतात?

हिजरी वर्ष चांद्र असून ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. आपल्या पंचांगात अधिक मास धरून चांद्र वर्षाचा सौर वर्षाशी मेळ घातला जातो. हिजरी कालगणनेत अधिक मास नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. २०३० मध्ये तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेरीस दुसरा, असे दोन रमजान सुरू होतील. महिन्याची सुरुवात चंद्रदर्शनावर ठरते. दाऊदी बोहरा समाज मात्र गणिती कालदर्शिका पाळतो, म्हणून त्यांचा रमजान अनेकदा एक-दोन दिवस आधी सुरू होतो.

सूट कोणाला?

आजारी व्यक्ती आणि प्रवासी यांना कुराणातच सवलत आहे. ईश्वराला तुमच्यासाठी सोपे हवे आहे, अवघड नको, असे कारणही त्या आयतीत दिले आहे. स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असल्यास गरोदर व स्तनदा मातांनाही रोजा पुढे ढकलता येतो. मासिक पाळीत महिला रोजा ठेवत नाहीत. लहान मुलांवर तो बंधनकारक नाही. चुकलेला रोजा नंतर सवडीने भरून काढणे म्हणजे 'कजा'. वार्धक्य किंवा बरा न होणारा आजार यांमुळे पुढेही शक्य नसेल, तर प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवण द्यायचे, ही 'फिदया'. याउलट, कारण नसताना जाणूनबुजून खाऊन रोजा मोडला, तर हनफी मतानुसार कजाबरोबरच सलग ६० रोजे किंवा ते न झेपल्यास ६० गरिबांना जेवण, असे प्रायश्चित्त आहे. प्रकृतीमुळे रोजा सोडणे आणि तो बेपर्वाईने मोडणे यांत धर्मशास्त्र असा स्पष्ट फरक करते.

मधुमेहींनी काय करावे?

२००१ मध्ये १३ देशांत झालेल्या 'एपिडायर' या पाहणीत टाइप-२ मधुमेहाचे सुमारे ७९ टक्के, तर टाइप-१चे सुमारे ४३ टक्के रुग्ण रमजानमध्ये किमान १५ दिवस रोजे ठेवत असल्याचे आढळले. रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रमाण या महिन्यात टाइप-२मध्ये साडेसात पट, तर टाइप-१मध्ये ४.७ पट झाले होते. म्हणूनच रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे, असा आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या मार्गदर्शक सूचनांचा सल्ला आहे. गोळ्या आणि इन्सुलिनचे प्रमाण स्वतःच्या मनाने बदलू नये. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली किंवा ३०० मिलिग्रॅमच्या वर गेल्यास, अथवा घाम, थरथर, भोवळ जाणवल्यास इफ्तारची वाट न पाहता रोजा सोडावा. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा मोडतो, हा गैरसमज आहे. इन्सुलिनच्या इंजेक्शननेही तो मोडत नाही, असे बहुतेक उलेमा मानतात.

रोजा न ठेवणाऱ्यांचा रमजान कसा?

या महिन्याला रोजाइतकेच दान, कुराणपठण आणि प्रार्थना यांचेही महत्त्व आहे. निसाबइतकी, म्हणजे ठरावीक किमान मर्यादेइतकी संपत्ती वर्षभर बाळगणाऱ्यांनी त्यातील अडीच टक्के जकात द्यायची असते; अनेक जण ती रमजानमध्येच देतात. गरिबांनाही सण साजरा करता यावा म्हणून ईदच्या नमाजपूर्वी फित्रा दिला जातो. आजारपणामुळे रोजा न ठेवणाऱ्यालाही हे सारे खुले आहे. कुराणानेच दिलेली सवलत घेण्यात धर्म बुडत नाही आणि कोणासमोर ओशाळण्याचेही कारण नाही. शेजारच्यांनी, नातलगांनी 'रोजा का नाही?' असे विचारणे थांबवले, तर आजारी माणसाला ती सवलत घेणे अधिक सोपे जाईल.