दुसऱ्या महायुद्धात नाशिक तोफखान्याचं शहर कसं बनलं?

नाशिक म्हटलं की गोदाकाठ, कुंभमेळा आणि द्राक्षं आठवतात. पण भारतीय सैन्यातल्या तोफखान्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याला विचारा, तो आधी देवळालीचं नाव घेईल. तोफ चालवायचं शिक्षण घ्यायला त्याला इथंच यावं लागतं. हे कसं घडलं, ते समजून घ्यायला आधी 1857 मध्ये जावं लागेल.

भारतीयांच्या हातून तोफा का काढल्या?

1857 च्या उठावात बंडखोर शिपायांनी इंग्रजांच्याच तोफा इंग्रजांवर वळवल्या. त्याची धास्ती इतकी बसली की नंतर जवळपास सगळा तोफखाना गोऱ्या सैनिकांकडे गेला. भारतीयांकडे राहिल्या त्या मुख्यतः डोंगरी तुकड्या, म्हणजे खेचरांवर लादून न्यायच्या हलक्या तोफा. त्यातलीच एक मुंबई इलाख्यातली, 28 सप्टेंबर 1827 ला उभी राहिलेली तुकडी. म्हणूनच भारतीय तोफखाना आजही 28 सप्टेंबरला ‘गनर्स डे’ साजरा करतो.

मैदानी तोफांची पहिली भारतीय तुकडी उभी राहायला 1935 उजाडलं. म्हणजे ही बंदी पाऊणशे वर्षं टिकली.

गंगापूर रोडची शाळा

भारतीयांना लष्करी शिक्षण मिळालं पाहिजे, ही मागणी तेव्हा जोरात होती. ती लावून धरणाऱ्यांत हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे होते. 1931 मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना ते इटलीला गेले, तिथल्या तरुणांच्या लष्करी संघटना पाहिल्या आणि मुसोलिनीला भेटले. या भेटीवर आजही वाद होतो.

1937 मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केलं. गंगापूर रोड परिसरातली ‘रामभूमी’ ती हीच.

दोनच वर्षांनी महायुद्ध पेटलं आणि प्रश्न आला, इंग्रजांच्या सैन्यात जायचं का? हिंदू महासभा म्हणत होती, भरती व्हा, शस्त्र शिकून घ्या. काँग्रेसनं मात्र 1942 मध्ये ‘छोडो भारत’ची हाक दिली. एकाच गावातली तरुण पोरं दोन्ही वाटांनी गेली.

देवळालीच का?

1939 मध्ये भारतीय सैन्य सुमारे 2 लाखांचं होतं. युद्ध संपेपर्यंत ते 25 लाखांवर गेलं. एवढ्या लोकांना शिकवायचं कुठं?

तोफखान्याचं स्कूल तोवर वायव्य सरहद्दीकडच्या काकूलला होतं. 1941 मध्ये ते देवळालीला हलवलं गेलं. इथं छावणी 1861 पासून होतीच. मुंबई बंदराकडून येणारी रेल्वे जवळून जात होती, घाटमाथ्यामुळे हवा बरी होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोळे डागायला उघडे माळ आणि डोंगर होते.

त्याच काळात कॅनडानंही हेच गणित मांडलं होतं. तिथल्या प्रेअरी भागातल्या सपाट गवताळ प्रदेशात वैमानिकांच्या शाळा उभ्या राहिल्या. कॅनडातल्या त्या योजनेत 1 लाख 30 हजारांहून जास्त वैमानिक आणि विमानातले इतर कर्मचारी तयार झाले. मोकळी जागा, रेल्वे आणि आघाडीपासून सुरक्षित अंतर, हे तिन्ही जिथं जुळलं तिथली गावं युद्धानं बदलून टाकली.

देवळालीचा इंग्रजी शब्द

इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलाली’ म्हणतात. तो शब्द देवळालीवरूनच आला. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोजीर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत या छावणीत पडून असायचे. जहाजं ठराविक महिन्यांतच सुटायची, त्यामुळे काहींना महिनोन्‌महिने थांबावं लागे. उकाडा, ताप, दारू आणि रिकामपण यात अनेकांचं डोकं ठिकाणावर राहत नसे. मूळ शब्दप्रयोग ‘डूलाली टॅप’ असा होता. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप!

युद्ध संपल्यावर काय झालं?

1947 मध्ये काकूल पाकिस्तानात गेलं. पाकिस्तानची मिलिटरी अकॅडमी आज तिथंच आहे. तोफखान्याचं स्कूल मात्र सहा वर्षं आधीच देवळालीला आलेलं होतं, म्हणून ते भारतात राहिलं. युद्धाच्या गरजेपोटी झालेलं एक स्थलांतर स्वतंत्र भारताच्या असं कामी आलं. 1999 च्या कारगिल युद्धात तोफखान्यानं जी कामगिरी केली, तिचीही पाळंमुळं या माळावर आहेत.

आज देवळालीत अधिकारी आणि अनुभवी जवान शिकतात, तर नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये नवे भरती झालेले जवान घडतात. देवळालीच्या फायरिंग रेंजवर होणारा ‘तोपची’ हा सराव बघायला बाहेरच्या पाहुण्यांनाही बोलावतात.

पण हा सराव म्हणजे फक्त प्रात्यक्षिक नव्हे. ऑक्टोबर 2024 मध्ये याच रेंजवर तोफेच्या सरावात गोळ्याचा स्फोट होऊन दोन अग्निवीरांचा जीव गेला. देवळालीच्या बाजूनं तोफांचा आवाज आला की नाशिककर सवयीनं म्हणतात, “फायरिंग चालू आहे.” त्या आवाजामागे विशी-बाविशीतली पोरं उभी असतात, आणि त्यांच्यासाठी जोखीम युद्धाच्या कितीतरी आधी, प्रशिक्षणातच सुरू झालेली असते.