महामहोपाध्याय मिराशी आणि वऱ्हाडातील इतिहाससाधनांचे जतन

ऐतिहासिक साधनांचे जतन म्हणजे ती संग्रहालयात सुरक्षित ठेवणे, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. परंतु ज्या लेखाचे वाचन चुकले, तो सुरक्षित असूनही इतिहासास अंतरतो. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी (१८९३–१९८५) यांच्या कार्याचे मर्म या दुसऱ्या प्रकारच्या जतनात आहे. कोकणात जन्मलेले मिराशी नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. पुढे ते अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, व नंतर नागपूर विद्यापीठात त्यांनी प्राचीन भारतीय इतिहासाचे अध्यापन केले.

१९३९ साली तत्कालीन अकोला जिल्ह्यात, मंगरूळ तालुक्यातील तऱ्हाळा येथे सुमारे १,६०० सातवाहन नाणी सापडली. अशा निधीचे मोल त्याच्या एकत्रपणात असते. नाणी वाटली वा आटवली गेली, की राजांचा परस्परसंबंध दाखविणारा पुरावाच नाहीसा होतो. मिराशींनी केलेल्या या निधीच्या अभ्यासातून कुंभ, कर्ण व शक हे पुराणांना अज्ञात असलेले सातकर्णी राजे उजेडात आले.

त्याच वर्षी वाशीम येथील ताम्रपट प्रकाशात आला. तो द्वितीय विंध्यशक्तीच्या ३७व्या राज्यवर्षाचा असून वत्सगुल्म, म्हणजेच वाशीम, येथून दिलेला आहे. त्यातील वंशवर्णन संस्कृतात, तर दानाचा व्यावहारिक भाग प्राकृतात आहे. राजप्रशस्तीत संस्कृत शिरले असतानाही शासनव्यवहारात प्राकृत टिकून होते, हे येथे एकाच लेखात दिसते. भाषाभ्यासकास या लेखाचे विशेष महत्त्व वाटावे, ते याच कारणाने. वैदर्भी रीतीस ‘वच्छोमी’ हे नाव या वत्सगुल्मावरूनच पडले.

या ताम्रपटाने वाकाटकांची वत्सगुल्म शाखा सिद्ध झाली. त्याच्या आधारे मिराशींनी अजिंठ्याच्या १६व्या लेण्यातील झिजलेल्या लेखाचे पुनर्वाचन केले, व सर्वसेन आणि विंध्यसेन ही नावे तेथे निश्चित झाली. तोपर्यंत अभ्यासकांपुढे असलेली वंशावळ त्यामुळे दुरुस्त करावी लागली. अशा रीतीने एका साधनाच्या रक्षणाने दुसऱ्याचा अर्थ वाचला.

कलचुरी (१९५५), वाकाटक (१९६३) व शिलाहार (१९७७) या राजवंशांच्या लेखांचे त्यांनी संपादिलेले संग्रह याच पद्धतीचे फळ होत. १९७५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. वऱ्हाडातील नव्या अभ्यासकास त्यांच्यापासून घेण्याजोगा धडा मात्र अधिक साधा आहे : सापडलेली वस्तू फुटू न देणे, तिचे स्थान नोंदविणे, आणि पूर्वीचे वाचन मूळ लेखाशी पुन्हा ताडून पाहणे.