विश्लेषण : लाकडी पळी-पोळपाटाला पावसाळ्यात बुरशी का येते? निवड आणि निगा कशी हवी?

नॉन-स्टिक तवे घरोघरी आले, तशी मागे पडलेली लाकडी उलथनी आणि पळ्या पुन्हा मांडणीवर दिसू लागल्या. धातूच्या उलथन्याने तव्याचा लेप खरवडतो, लाकडाने नाही. मात्र उरण, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या किनारपट्टीवर हौसेने घेतलेली पळी पहिल्याच पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांनी भरते आणि दोष लाकडाला दिला जातो. हा दोष बहुधा निवडीचा आणि वाळवण्याचा असतो.

किनारपट्टीवर लाकूड लवकर का खराब होते?

लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. ओलाव्याने ते आडव्या दिशेने फुगते, वाळले की आकसते. हे चक्र सतत चालले की बारीक चिरा पडतात आणि त्यात पीठ, तेल, मसाला अडकतो. हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की या अन्नकणांवर बुरशी सहज वाढते. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या काळात धुतलेली पळी रात्रभरातही वाळत नाही. म्हणजे लाकडाचा खरा शत्रू वापर नव्हे, साचून राहिलेला ओलावा आहे.

विकत घेताना काय पाहावे?

लाकूड कठीण, दाट रेषांचे आणि हाताला जड हवे. पोळपाट-लाटण्यासाठी शिसव किंवा साग चांगला. आंब्याचे लाकूड स्वस्त मिळते, पण ते ओलावा लवकर शोषते आणि त्याला कीडही लवकर लागते. पळी, उलथने शक्यतो एकसंध लाकडाचे घ्यावे. तुकडे चिकटवलेल्या वस्तूचा सांधा गरम पाण्याने सुटतो आणि त्या फटीत बुरशी धरते. बांबूची पाटी म्हणजेही पट्ट्या चिकटवलेलीच असते, त्यामुळे तिचे सांधे नीट पाहून घ्यावेत. चकचकीत वॉर्निश दिलेली वस्तू टाळावी. उष्णतेने लेप निघून अन्नात उतरू शकतो. वासही घेऊन पाहावा. रंगाचा किंवा रसायनाचा उग्र वास आला तर ती वस्तू स्वयंपाकघरासाठी नाही.

करवंटीची डवली टिकाऊ असते का?

असते. नारळाची करवंटी कठीण आणि दाट असल्याने बहुतेक लाकडांपेक्षा कमी पाणी शोषते. मातीच्या भांड्यात कालवण ढवळताना ती भांड्याला ओरखडे पाडत नाही आणि आमसुलाच्या आंबटपणाचाही तिच्यावर परिणाम होत नाही. तिचा कच्चा दुवा म्हणजे दांड्याचा सांधा. दांडा गोंदाने चिकटवलेला नसावा, भोकांतून आरपार घट्ट बसवलेला असावा. करवंटीवरचा काथ्या पूर्ण घासून काढलेला आहे ना, हेही पाहावे.

पॅलेटच्या लाकडाची पाटी वापरावी का?

उरण तालुक्यातील न्हावा शेवा बंदर १९८९ पासून सुरू आहे. बंदरातल्या मालाखाली असतात ती पॅलेट मोडून फर्निचर, शोभेच्या वस्तू केल्या जातात. अन्नासाठी मात्र हे लाकूड वापरू नये. आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्यावर कीडनाशक प्रक्रियेचा शिक्का असतो. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी, ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया. ‘एचटी’चा शिक्का असला तरी त्या पॅलेटवर प्रवासात काय सांडले होते, हे शिक्का सांगत नाही.

लाकडी पाटीवर मासळी कापणे सुरक्षित आहे का?

अमेरिकेतील संशोधक डीन क्लाइव्हर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये लाकडी व प्लास्टिकच्या पाट्यांची तुलना प्रसिद्ध केली. लाकडावर टाकलेले जिवाणू आत शोषले जातात आणि पृष्ठभागावर फारसे सापडत नाहीत, तर सुरीचे चरे पडलेले प्लास्टिक हाताने धुऊन नीट स्वच्छ होत नाही, असे त्यात दिसले. म्हणून लाकूड आपोआप शुद्ध ठरत नाही. मासळी, मटणासाठी एक पाटी आणि भाजी, फळांसाठी दुसरी, हा नियम पाळलाच पाहिजे. मासळीची पाटी लगेच साबण व गरम पाण्याने घासावी. विळीचा लाकडी पाटही यातून सुटत नाही.

रोजची निगा कशी ठेवावी?

लाकडी वस्तू खरकट्यात किंवा पाण्यात भिजत ठेवू नये, डिशवॉशरमध्येही घालू नये. वापर झाला की धुवावी, फडक्याने पुसावी आणि वारा लागेल अशी उभी ठेवावी किंवा टांगावी. पोळपाट ओला असताना भिंतीला टेकवून सपाट चिकटवू नये. पावसाळ्यात स्वयंपाक आटोपल्यावर पंख्याखाली किंवा चुलीच्या उबेत वाळवावे. उन्हाळ्यात दिवसभर कडक उन्हात ठेवले तर मात्र लाकूड तडकते. मासळी, कांद्याचा वास गेला नाही तर जाडे मीठ आणि लिंबाच्या फोडीने चोळून धुवावे.

तेल कोणते लावावे?

पूर्ण कोरड्या वस्तूला महिन्यातून एकदा तेलाचा पातळ हात द्यावा, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी जादा तेल पुसावे. पावसाळ्यापूर्वी एकदा हे नक्की करावे. खोबरेल तेल इतर खाद्यतेलांच्या मानाने उशिरा खवट होते, म्हणून ते सोयीचे. शेंगदाणा किंवा सूर्यफुलाचे तेल चिकट होते. खाण्याचे जवस तेल लाकडात सुकून कडक होते, तेही चालते. रंगाच्या दुकानातले ‘डबल बॉइल्ड’ जवस तेल मात्र लावू नये. ते लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंची संयुगे मिसळलेली असतात.

वस्तू टाकून कधी द्यावी?

वरवरची बुरशी घासून, वाळवून, पॉलिश पेपरने घासून काढता येते. पण खोल चीर पडली, लाकूड नखाने दाबल्यावर मऊ लागले, कुसे निघू लागली किंवा धुऊनही कुबट वास राहिला, तर ती पळी चुलीत घालावी.