येत्या वर्षी गटात कोणते खेळ खेळायचे?

फाल्गुन निम्मा सरला. तोडीला गेलेल्या आपल्या बायांच्या गाड्या आता एकेक करून गावाकडे वळतील. आमच्या गटांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, पाडव्याला होतं, कारण त्याआधी निम्मा गट उसाच्या फडात असतो. म्हणून याच दिवसांत आम्ही सहयोगिनी एकत्र बसतो आणि वर्षाचं ठरवतो. कोणतं प्रशिक्षण घ्यायचं, कोणत्या गटाचं बँकेचं काम आधी करायचं, आणि गेल्या दोन वर्षांपासून आणखी एक गोष्ट: बैठकीनंतर कोणते खेळ खेळायचे.

खेळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे फुगड्या आणि संगीत खुर्ची येईल. ते आहेतच. पण आज आम्ही बोलतोय ते बसून, बोलून खेळायच्या खेळांबद्दल. चार-पाच जणींनी मध्ये एक पाट किंवा टेबल ठेवायचं, प्रत्येकीने एक सोंग घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचायची. लहानपणी आपण भातुकली खेळायचो. कुणी आई, कुणी पाहुणी, कुणी दुकानदार. तेच हे, फक्त नियम जरा पक्के. भातुकलीत भांडण झालं की जिचा आवाज मोठा ती जिंकायची. इथे तसं चालत नाही, फासा किंवा पत्ता सांगेल ते सगळ्यांनी ऐकायचं.

प्रशिक्षणातलं भूमिकानाट्य तुम्ही केलं असेल. एक ताई बँकेची साहेब, दुसरी कर्ज मागायला जाते. त्यात बरोबर उत्तर आधीच ठरलेलं असतं. ताईने नीट बोलायचं, साहेबाने शेवटी हो म्हणायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. या खेळांत शेवट कुणालाच माहीत नसतो, खेळ मांडणारीलासुद्धा नाही. म्हणून बाया जास्त वेळ बसतात, हे आम्ही पाहिलंय.

आमच्यापर्यंत हे कसं आलं, तर एका ताईची लेक पुण्यात शिकायला आहे. दिवाळीला आली तेव्हा तिने कॉलेजातल्या पोरापोरींचा खेळ दाखवला. तिच्याकडूनच कळलं की या तऱ्हेचा पहिला छापील खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला. त्याचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो केला. आधी तिकडची माणसं टेबलावर सैन्य मांडून लढाईचे खेळ खेळत. यांनी अख्ख्या सैन्याऐवजी एकेका माणसाचं सोंग घ्यायला लावलं. एक जण गोष्ट सांगणारा, बाकीचे योद्धे, मांत्रिक, चोर. भुयारात शिरायचं, राक्षसाशी झुंजायचं, आणि काम साधलं की नाही ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं.

वीस बाजूंचा फासा आमच्याकडे कुठला! आम्ही चहाच्या रिकाम्या डब्यात एक ते वीस आकडे लिहिलेले चिंचोके टाकले. एक काढायचा, आकडा बघायचा, परत डब्यात टाकून हलवायचा. काम तेच होतं, प्रत्येक आकडा निघायची शक्यता सारखीच.

पण सगळेच खेळ सगळ्या गटांना जमत नाहीत, हे पहिल्याच वर्षी कळलं. आम्ही हौसेने चार खेळ घेतले आणि दोन अर्ध्यात सुटले. म्हणून आता निवडताना काही गोष्टी आधी विचारतो.

पहिला प्रश्न वेळेचा. बचत गोळा झाली, देवाणघेवाण वहीत लिहून झाली, की आपल्याकडे फार तर पाऊण तास उरतो. त्यानंतर कुणाची धार काढायची असते, कुणाचा नळ येणार असतो. बरेच खेळ तीन-चार तासांचे असतात. ते तुकडे पाडून खेळता येतात का, हे बघायचं. मग वाचनाचा प्रश्न. ज्या खेळात प्रत्येकीला कागद वाचावा लागतो, तिथे आमच्या निम्म्या जणी मान खाली घालून बसतात. ज्यात एकीने वाचून दाखवलं की भागतं, तो आपला. तिसरं म्हणजे माणसं. गटात दहा ते वीस बाया, आणि खेळ लिहिलेले असतात तीन-चार-पाच जणांसाठी. चौथी गोष्ट सर्वात महत्त्वाची, ती पुढे सांगतो.

आता आमची यंदाची निवड.

पाडव्यानंतर, सगळ्याजणी गावात असताना, ‘द क्वाएट इयर’ घ्यायचा ठरलाय. म्हणजे शांततेचं एक वर्ष. एव्हरी आल्डर यांनी तो २०१३ साली काढला. यात कुणी एकट्या माणसाचं सोंग घ्यायचं नसतं, सगळ्याजणी मिळून एक वस्ती. मोठं संकट येऊन गेलंय, जग विस्कटलंय, शत्रूला हुसकावून लावलंय, आणि वस्तीला सावरायला एक वर्ष मिळालंय. मध्ये मोठा कोरा कागद. त्यावर विहीर कुठे, ओढा कुठे, घरं कुठे ते आपण काढायचं. चित्र चांगलं यायला पाहिजे असं मुळीच नाही, गोल काढला तरी विहीर.

वर्षाचे आठवडे ५२ आणि पत्तेही ५२. एक पत्ता म्हणजे एक आठवडा. बदाम वसंत, चौकट उन्हाळा, किलवर शरद आणि इस्पिक हिवाळा, अशी मूळ खेळाची वाटणी. आम्ही ती आपल्या सोयीने उन्हाळा, पाऊस, सुगी, थंडी अशी केली. पत्ता काढला की त्या आठवड्यात काय घडलं ते कळतं. मग पत्ता काढणारीने तीनांतलं एक काम करायचं: वस्तीत काही नवीन सापडलं ते सांगायचं, एखादं काम सुरू करायचं, किंवा चर्चा लावायची. थंडीत इस्पिकचा राजा निघाला की खेळ तिथेच संपला. तो पहिल्या आठवड्यात निघेल की तेराव्या, कुणाला ठाऊक नसतं. गेल्या वर्षी आमचा राजा तिसऱ्याच आठवड्यात आला आणि अर्धा बांधलेला बंधारा तसाच राहिला. एक ताई म्हणाली, “हे तर आपल्या गावातलंच झालं की!”

या खेळातल्या चर्चेवर जरा थांबून सांगतो. चर्चा लावली की प्रत्येकीने एकदाच, एक-दोन वाक्यांत बोलायचं. दुसऱ्यांदा बोलायचं नाही आणि ठराव करायचा नाही. पहिल्यांदा आम्हाला हे विचित्र वाटलं. ठराव नाही तर चर्चा कशाला? पण झालं असं, की ज्या बोलक्या आहेत त्यांची गाडी एका वाक्यावर अडली आणि ज्या कधीच बोलत नाहीत त्यांची पाळी आलीच. पाळी टाळता येत नाही. एक सून वर्षभर बैठकीत फक्त सही करून जायची. ती विहिरीच्या चर्चेत म्हणाली, “विहीर वस्तीच्या मध्ये नको, मध्ये असली की कोण किती पाणी नेतं ते सगळे मोजतात.” सगळ्या गप्प झाल्या.

शिवाय राग दाखवायची सोय आहे. आपल्याला न विचारता कुणी काम सुरू केलं, आपलं ऐकलं गेलं नाही असं वाटलं, की बोलायचं नाही, मधल्या ढिगातला एक खडा उचलून आपल्यासमोर ठेवायचा. आम्ही गजगे वापरतो. कुणासमोर किती गजगे साठलेत ते सगळ्यांना दिसतं.

मूळ खेळ दोन ते चार जणांचा. आम्ही बारा जणींचे तीन-तीनचे चार घोळके केले, प्रत्येक घोळक्याचं एक मत. आणि एका बैठकीत एकच ऋतू, म्हणजे चार बैठकांत खेळ पुरा. एक अडचण मात्र आली. पत्त्यांचा कॅट हातात बघून एका सासूबाईंनी पारावरच्या जुगाराचा उद्धार केला. त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही, पत्त्यांनी गावातली घरं बसलेली त्यांनी पाहिलीत. आम्ही जुन्या लग्नपत्रिका कापून ५२ चौकोन केले, चार रंगांच्या पेनने आकडे घातले. तक्रार मिटली.

पावसाळ्यात पेरणी आणि खुरपणी. तेव्हा लांबण लावून उपयोग नाही. त्यासाठी ‘फॉर द क्वीन’ ठेवलाय. अ‍ॅलेक्स रॉबर्ट्स यांचा २०१९ सालचा खेळ. फासे नाहीत, गोष्ट सांगणारी वेगळी नाही, नुसती प्रश्नांची कार्डं. सगळ्याजणी एका राणीबरोबर दूरच्या प्रवासाला निघाल्या आहेत आणि सगळ्यांचं तिच्यावर प्रेम आहे. एकेक कार्ड उचलून राणीशी आपलं नातं काय ते सांगत जायचं. शेवटच्या कार्डावर राणीवर हल्ला होतो, आणि तू तिला वाचवणार का, एवढंच विचारलेलं असतं. आम्ही राणीच्या जागी वाड्यातली थोरली बाई केली. अर्ध्या-पाऊण तासात संपतो. मागच्या वर्षी सहा जणींतल्या चौघींनी थोरलीला वाचवलं, दोघी जागच्या हलल्या नाहीत. घरी जाताना वाटभर त्यावरच बोलणं चाललं होतं.

आता ती चौथी गोष्ट. खेळाचा विषय कुणाच्या दुखण्यावर बोट ठेवतो का?

इथे आमची चूक झाली होती, ती सांगायलाच हवी. पहिल्या वर्षी आम्ही आमच्याच डोक्याने एक गोष्ट रचली. मुकादम, उचल, टोळी, सगळं ओळखीचं. वाटलं, आपल्या आयुष्यातलं आहे, बाया रमतील. एका ताईच्या वाट्याला मुकादमाचं सोंग आलं. ती ते इतकं हुबेहूब बोलायला लागली की समोरची ताई उठून बाहेर गेली. त्यावर आम्ही मागे जाऊन काय झालं म्हणून विचारत बसलो. सगळ्यांदेखत. ती पुढच्या दोन बैठकांना आली नाही. तिचं दुखणं खेळात निघालं, आणि आम्ही ते चारचौघींत उकरलं.

पुण्याच्या पोरीला हे सांगितलं तेव्हा तिने फुलीच्या कार्डाबद्दल सांगितलं. जॉन स्टाव्रोपोलस यांनी ही युक्ती काढली आणि आता जगभर ती वापरतात. एका कार्डावर मोठी फुली काढून मध्ये ठेवायची. गोष्टीत जे चाललंय ते नको वाटलं की कुणीही त्याला हात लावायचा. तेवढा भाग गोष्टीतून गेला. का, कशासाठी, कुणी विचारायचं नाही. आता आमच्या प्रत्येक खेळात ते कार्ड असतं, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी आम्ही स्वतः एकदा हात लावून दाखवतो, म्हणजे पहिला हात लावायची लाज राहत नाही. मुकादमाची गोष्ट यादीतून काढली. गावातलं चालू भांडण आणि खरी नावंही खेळात आणायची नाहीत, हा नियम केला.

श्रावणात, पंचमीला माहेरवाशिणी येतात. त्या दोन-चार दिवसांसाठी ‘डायलेक्ट’ नावाचा खेळ घेऊन बघणार आहोत. २०१८ साली निघालेला. एक छोटा समाज जगापासून तुटून राहतो, त्याची स्वतःची बोली तयार होते, आणि शेवटी ती बोली नाहीशी होते. खेळणाऱ्यांनी शब्द घडवायचे आणि ते बोलण्यात वापरायचे. आमच्यात एक ताई खानदेशातून लग्न होऊन आली. ती म्हणते, अहिराणी आता फक्त आईच्या फोनवर उरली. तिला हा खेळ मांडायला सांगितलंय.

दसऱ्यानंतर कोयते निघतात. जाणाऱ्या बायांना कोपीवर नेता येईल असं हलकं काहीतरी हवं, म्हणून प्रश्नांच्या कार्डांची एकेक पुरचुंडी आणि लुडोचे दोन फासे देणार आहोत. दोन फाशांचा एक सोपा नियम ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या २०१० सालच्या खेळातून घेतलाय. बेरीज दहा किंवा वर आली तर काम फत्ते. सात ते नऊ आली तर काम होतं, पण काहीतरी किंमत मोजून. सहा किंवा खाली आली तर फसलं. दोन फासे ३६ तऱ्हांनी पडतात. त्यांतल्या सहाच तऱ्हांत पूर्ण यश, पंधरांत किंमत मोजून आणि पंधरांत अपयश. मधला निकाल बायांना फार पटला. त्यावर हसल्याही खूप.

राहिला तो भुयारांचा मोठा खेळ. त्याला तीच माणसं महिनोन्‌महिने लागतात. मोठ्या बायांना ते जमणार नाही, पण आईबाप तोडीला गेले की ज्या पोरी आजीजवळ राहतात त्यांना हिवाळाभर दर रविवारी एक चालू गोष्ट देता येईल, असं आमच्यातल्या दोघींना वाटतं. पुस्तकं इंग्रजीत आहेत, पण पुण्याची पोर फोनवरून समजावून द्यायला तयार आहे. तिसरीचं म्हणणं, मारामारी आणि राक्षस पोरींना कशाला? चौथी म्हणते, राक्षस मारू देत की. आमचं अजून ठरलेलं नाही. पोरींनाच विचारायचं आहे.

पाडव्यानंतरच्या पहिल्या बैठकीला येताना घरातली एखादी जुनी लग्नपत्रिका आणि मूठभर गजगे किंवा चिंचोके आणा. मोठा कागद आमच्याकडे आहे.